आधी जेवणाचं लिहा, साहेब

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाजही वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, मोटारसायकली पळवणाऱ्या टोळ्या पकडल्या. पण घरी पाहुणे जमले की फर्माईश होते ती जहाजावरच्या चोरीचीच. आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तेरणा नदीला जरा बरं पाणी आलं तरी लोक पुलावर बघायला उभे राहतात. अशा ठिकाणच्या ठाण्यात जहाजावरच्या चोरीची फिर्याद येते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ठाणे अंमलदार चेष्टा करतोय असंच मला वाटलं होतं.

मी निवृत्तीला टेकलो होतो. ठाण्याच्या हद्दीत तेर गावाकडची खेडी येत आणि ढोकीचा भागही येई. एका सकाळी एक कुटुंब बॅगांसकट ठाण्याच्या दारात उतरलं. सत्तरीच्या आजी, त्यांचे मालक आणि बँकेत नोकरीला असलेला त्यांचा मुलगा. मुलानं आईवडिलांना मुंबई ते गोवा अशी छोटी सहल जहाजानं घडवली होती आणि परत येताना आजींच्या गळ्यातली बोरमाळ नव्हती. लग्नापासून गळ्यात असलेली. मुंबईला उतरून गाडी पकडली, तिथून घरीही न जाता ते थेट आमच्याकडे आले होते.

मुलाचा चेहरा तापलेला, आजोबा भिंतीकडे बघत बसलेले. आजी मात्र शांत होत्या. मांडीवर शालीत गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. मी म्हटलं, "आजी, ओझं खाली ठेवा की."

"ऱ्हाऊ द्या साहेब. त्यात देव हाय," त्या हळूच मला म्हणाल्या.

प्रवासाला निघताना घरचा देव बरोबर घेणारी माणसं आमच्याकडे कमी नाहीत. मी पुढे काही विचारलं नाही. आमचा रायटर, म्हणजे ठाण्यात जबाब लिहून घेणारा हवालदार, कागद सरसावून बसला. "हं आजी, दागिना कधी गेला?"

"सांगते की. पर आधी जेवणाचं लिहा, साहेब."

रायटरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. फिर्यादी बोलत असेल तर त्याला अडवू नये, हे मी पहिल्या पोस्टिंगला शिकलो होतो. अडवलेला माणूस पुन्हा बोलतो, पण मग तो त्याला स्वतःला हवं तेवढंच बोलतो.

"सकाळी उठलं की खायाचं, मग परत खायाचं, दुपारी खायाचं, च्याच्या वक्ताला खायाचं. माणूस फिराया आलाय का खायाच्या रोजगाराला लागलाय, कळंना. ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तोर भांडी मांडल्याली, पर एकाबी भांड्यात भाकर न्हाय. वरण गोड. भात काट्यानं खायाचा म्हणं! काट्यातनं भात ऱ्हातो व्हय? आन् जेवाया बसताना एक कोटवाला मागं येतोय आन् खुर्ची वढतोय. म्या म्हणलं, बसायच्या आधीच उठवाया लागला का काय! मग ह्यांनी सांगितलं, तो बशिवतोय."

ठाणे अंमलदार बाहेर जाऊन हसून आला. मुलगा वैतागला, "आई, चोरीचं सांग!"

"तेच सांगायलेय. खोली झाडाया एक पोरगं होतं. दिवसातनं दोन बारी चादरी घालायचं. म्या बोलले तसं म्हणलं, आजी, तुमी आमच्या कडंच्या! ढोकीचा निघाला, साहेब. तिथं समिंद्रात ढोकीचा पोरगा! मला भाकर मिळंना म्हणल्यावर त्यांच्या कामगारांच्या भटारखान्यातनं वाटीभर ठेचा आणून दिला. लई गुणाचा."

आणि फिर्याद याच गुणाच्या पोराविरुद्ध होती.

हकीकत अशी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाऱ्या हवेनं आजींची मान खाजायला लागली. त्यांनी बोरमाळ काढून मालकांच्या हातात दिली, "नीट ठेवा" म्हटलं आणि झोपल्या. आजोबा म्हणाले, टेबलावर ठेवली. सकाळी तिघं नाश्त्याला गेले, परत आले तर टेबल रिकामं. मधल्या वेळात खोलीत गेला होता तो फक्त ढोकीचा पोरगा. मुलानं जहाजावरच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. पोराच्या सामानाची झडती घेतली, काही मिळालं नाही. तरी पोलिसांचा तपास पूर्ण होईपर्यंत त्याला कामावरून उतरवून घरी पाठवलं होतं.

गुन्हा आपल्या हद्दीत घडलेला नसला तरी तो शून्य क्रमांकानं नोंदवून घ्यावा लागतो आणि मग संबंधित ठाण्याकडे पाठवावा लागतो. तसा तो मुंबईला पाठवला. तिथल्या अधिकाऱ्यानं फोन करून माझीच वरात काढली, "साहेब, फिर्यादी तुमचा, संशयितही तुमच्याच हद्दीतला. जहाज तेवढं आमचं. जबाब तुम्हीच घेऊन पाठवा ना."

त्याच सहलीला धाराशिवची आणखी दोन कुटुंबं गेली होती. त्यांना बोलावलं. त्यांना विचारावं चोरीचं, तर ती सांगत जेवणाचं. एका गृहस्थांनी पनीर किती प्रकारचं होतं ते बोटांवर मोजून सांगितलं. त्यांच्या पत्नीचं म्हणणं, चहा पांचट होता, पण देणाऱ्याचं वागणं चहापेक्षा गोड. दुसऱ्या एका बाईंची तक्रार की रात्रीच्या जेवणाला नटूनथटून या म्हणाले आणि दिवे इतके मंद ठेवले की साडी कुणाला दिसलीच नाही. रायटर इमानेइतबारे सगळं लिहीत होता. म्हणाला, "साहेब, हे कागद कोर्टात जायचे का हॉटेलात?" या सगळ्यांतून एकच कामाची गोष्ट निघाली. खोली आवरणाऱ्या पोराबद्दल एकानंही वावगं सांगितलं नाही.

पण वावगं नाही म्हणून माणूस सुटत नाही. त्यातच आमच्या खबऱ्याचा निरोप आला, "साहेब, ढोकीचं ते पोरगं दार लावून बसतंय. बाहेर न्हाय, कुणाशी बोलणं न्हाय. आत बसून काय तरी गुंडाळतंय. फटीतनं बघितलंय म्या."

दार लावून गुंडाळणारा संशयित म्हटल्यावर गेलोच. मी आणि रायटर. दार त्याच्या आईनं उघडलं. वडील कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे, ते कामावर होते. आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. खाटेवर, ट्रंकेवर, धान्याच्या कणगीवर टॉवेलची जनावरं मांडलेली होती. हंस, ससा, माकड. आणि मधोमध सोंड वर केलेला एक ऐसपैस हत्ती.

पोरगा उभा राहिला. पंचविशीचा असेल. "जहाजावर पलंगावर ठेवायला लागतात साहेब, प्रवाशांना आवडतं म्हणून. हात बसलेला मोडू नये म्हणून करत बसतो. बोलावलं परत, तर..." त्यानं हंसाची वाकलेली मान सरळ केली. त्या नोकरीसाठी त्यानं कोर्स केला होता, इंग्रजी शिकला होता, आणि आता गावात शेंबडं पोरसुद्धा त्याला "जहाजावरचा चोर" म्हणत होतं.

मी विचारायला सुरुवात करणार, तेवढ्यात माझ्या रायटरनं काय करावं? टोपी काढली आणि त्या टॉवेलच्या हत्तीला हात जोडले. "साहेब, साक्षात गणपती हो!"

पोरगा पहिल्यांदाच हसला. "आजीबी असंच म्हणल्या."

मी खुर्ची ओढून बसलो. "काय म्हणाल्या? सगळं सांग."

पहिल्या संध्याकाळी त्यानं आजींच्या खोलीत असाच हत्ती करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आवरायला गेला तर हत्तीला हळदकुंकू लागलेलं आणि समोर केकचा तुकडा नैवेद्याला ठेवलेला. आजींनी दटावून सांगितलं, बाकी काय ते बदल, देवाला हात लावू नको. त्यानं लावला नाही. आणि उतरायच्या दिवशी सकाळी तो खोलीत गेला तेव्हा हत्ती जागेवर नव्हता. खोलीतला एक टॉवेल कमी होता.

"हे तू जहाजावर का नाही सांगितलंस?"

"टॉवेल कुणी नेऊ नये अशी सूचना होती साहेब. सांगितलं असतं तर आजींची बॅग उघडली असती सगळ्यांसमोर. म्हातारं माणूस... माझ्या आजीगत."

ज्यांनी त्याच्यावर बालंट आणलं त्यांचीच अब्रू झाकत तो गप्प बसला होता. मी पोलीस आहे, पटकन विरघळत नाही. पण त्या वेळी मला त्या पोराचा फार अभिमान वाटला, हे सांगायला लाज नाही.

ठाण्यात आल्यावर आजी-आजोबांना बोलावलं आणि वेगवेगळं बसवलं. संसार जुना असेल तर नवराबायकोला एकत्र बसवून विचारू नये. एक बोलायला लागला की दुसरा मान हलवतो आणि दोघांचं खोटं एक होतं.

आधी आजोबा. चहा मागवला. त्यांचा पेला रिकामा झाल्यावर विचारलं, "आजोबा, टेबलावर ठेवलेली वस्तू सकाळी दिसली असती की हो. खरं कुठं ठेवली होती?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, "तिला सांगणार न्हाय न्हवं? देवाच्या पोटात ठिवली होती. टॉवेलाच्या घड्यांत खोचली. म्हणलं, देवापरीस राखणदार कोण? सकाळी बघतोय तर देवबी न्हाय आन् माळबी न्हाय. पोरानं घडी मोडली आसंल, त्याच्या हाताला लागली आसंल, आसंच वाटलं. आन् हिला सांगावं तर ही म्हणंल, तुमाला टॉवेलात ठेवायची अक्कल कुणी दिली? पन्नास वर्सं ऐकतोय साहेब, आता ऐकवत न्हाय."

मग आजी. "आजी, तो हत्ती कुठं गेला?"

आजींनी पदर तोंडाला लावला. "आता तुमी मला धरणार. चोरी न्हाय केली साहेब. हळदकुंकू वाह्यलेला देव हाय, तो मळक्या कपड्यांत टाकू देऊ? ह्यांनाबी न बोलता उचलला, शालीत बांधला आन् मांडीवर घेऊन आले. आता देवघरात हाय."

रायटरचं पेन थांबलं. त्याला आणि मला एकदमच आठवलं. फिर्याद लिहीत होतो तेव्हा मुद्देमाल आमच्या समोर, आजींच्या मांडीवर होता. "काखेत कळसा आन् गावाला वळसा," रायटर पुटपुटला आणि पंच शोधायला पळाला.

आजींच्या घरी पंच घेऊन गेलो. हत्ती पाटावर बसला होता, प्रवासानं थोडा बसका झालेला. पंचनाम्यासाठी तो उलगडा म्हटलं तर आजी आडव्या आल्या. पूजा केलेला देव असा मोडत नाहीत. आधी अक्षता टाकायला हव्यात. आणि मग म्हणाल्या, "ज्यानं घडवला त्यालाच बोलवा. त्याच्याच हातानं सुटू दे."

जीप ढोकीला पाठवली. पोरगा आला, चप्पल बाहेर काढून आत बसला. आजींनी अक्षता वाहिल्या, देव जागचा जरासा हलवला. पोरानं आधी सोंड सोडवली, मग कान, मग पोटाची घडी. बोरमाळ पाटावर घरंगळली. लाखेवर मढवलेल्या मण्यांची ती माळ, वजन ते किती. उचलताना आजींना कळलंही नव्हतं.

पहिले बोलले आजोबा. "म्या म्हणलं होतं. देवानं राखली का न्हाय?"

आजींनी त्यांच्याकडे जे पाहिलं त्याची नोंद पंचनाम्यात घेतलेली नाही.

पुरवणी जबाब झाले. फिर्याद खोटी नव्हती आणि खरीही नव्हती, गैरसमजातून झाली होती. तसा अहवाल आणि हळदीनं पिवळा झालेला तो टॉवेल आम्ही मुंबईला पाठवून दिला. बँकेतल्या मुलानं जहाजाच्या कंपनीला स्वतः लिहून माफी मागितली आणि पोराला परत कामावर घ्या म्हणून कळवलं. कंपनीनं बोलावलंही. माझ्या हिशेबी काम संपलं होतं.

आजींच्या हिशेबी संपलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी त्या ढोकीत उतरल्या. मी बंदोबस्तावर होतो म्हणून मला हे बघायला मिळालं. त्यांनी पोराच्या घरी जाऊन त्याचा हात धरला आणि त्याला भर बाजारातून चालवत आणलं. प्रत्येक दुकानापुढे, प्रत्येक पालापुढे थांबत. "ह्यो चोर न्हाय. माळ माझ्याच घरात होती. चुकी आमची. ऐकलं का? शेजाऱ्यालाबी सांगा." पोरगा लाजेनं लाल झालेला, आजोबा पिशवी घेऊन मागे. मी म्हटलं, "आजी, लेखी अहवाल दिलाय की आम्ही."

"कागद तुमच्या कपाटात ऱ्हातोय साहेब. नाव बाजारात गेलंय त्याचं, बाजारातच परत आणाया पायजे."

आयुष्यभर मी चोरीला गेलेल्या वस्तू लोकांना परत दिल्या, पोचपावतीवर सह्या घेतल्या. ज्यांच्यावर नुसता संशय घेतला आणि मग सोडून दिलं, त्यांना काय परत द्यायचं हे मला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. ते मला एका फिर्यादी बाईनं शिकवलं, आणि त्यानंतर नोकरीत जेवढे दिवस उरले होते तेवढ्यांत मी निर्दोष सुटलेल्या माणसाला जीपमधून त्याच्या चौकात सोडायचो, चार लोकांदेखत हात मिळवून.

त्या दिवशी बाजार उठायच्या आधी पोराची आई घरातून बाहेर आली. आमची जीप दारात उभी राहिल्यापासून ती बाजारात फिरकली नव्हती. ती सरळ भाजीवालीपुढे बसली, वांगी उलटीपालटी करून पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही असली वांगी कुणाला इकतीस गं? माझं पोरगं उद्या जहाजावर चाललंय, चांगली काढ."