आभाच्या नावावरची ठेव

आभा माझ्या भाच्याची, वरदची बायको. शारजात अल मजाजला आम्ही एकाच इमारतीत राहतो. ती दोघं वरच्या मजल्यावर, मी खाली माझ्या मुलाकडे. मी उम्म अल कुवैनच्या जहाजांच्या यार्डात वेल्डिंग करून निवृत्त झालो. माणसाला मी त्याच्या कामावरून ओळखतो, म्हणून तिचं काम आधी सांगतो.

ती दात घडवते. दवाखान्यातून साचा येतो, त्यावर ती मेणाचा दात कोरते, मग पक्का दात भट्टीत भाजून घासते. दात चावताना उंच लागला की परत येतो. परत आलेला दात ती घासून चालवून घेत नाही, पुन्हा करते. कोल्हापुरात तिने हेच काम नऊ वर्षं केलं आणि त्या पगारातून बँकेत एक ठेव केली. ठेव तिच्या एकटीच्या नावावर आहे.

लग्न होऊन जानेवारीत ती इथे आली. एप्रिल लागला तसा तिने सवयीने बँकेच्या ॲपवर दरवर्षीचा फॉर्म भरला. मी भारतात राहते, माझं उत्पन्न कमी आहे, व्याजावर कर कापू नका, असा तो फॉर्म. आपण आता भारतात राहत नाही हे तिच्या डोक्यात आलंच नाही. काही आठवड्यांनी, इथे ती ज्या दातांच्या लॅबमध्ये कामाला लागली तिथल्या राहिलशी बोलताना विषय निघाला. तो म्हणाला, "अरे, तू तो अब एनआरआय है. वो फॉर्म तेरे लिए नहीं."

त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. वरदची आई छाया, म्हणजे माझी धाकटी बहीण, ठाण्याहून व्हिडिओ कॉलवर होती.

"बँकेला कळवणार आहे," आभा म्हणाली.

"कळवलंस की शेकडा तीसच्या वर कापतील!" छाया म्हणाली.

वरदने फोनवर हिशोब केला. "अकराशे दिरहम. म्हणजे सव्वीस हजार रुपये, वर्षाला. कोणी विचारलंय तुला?"

"कोणी नाही. पण फॉर्म मी भरलाय."

"मग डोकं चालव," छाया म्हणाली. "ठेव मोड आणि माझ्या नावावर टाक. मी साठी ओलांडली, इथे राहते, माझा फॉर्म चालतो. वरदचं सगळं माझ्याच नावावर आहे. एक पैसा कापत नाहीत."

"इथले सगळे असंच करतात," वरद म्हणाला. "खलास, विषय संपला."

"तुझ्या स्वतःच्या नावावर काय आहे रे?" आभाने त्याला विचारलं.

तो हसला. "गाडीचं लोन."

माझी बहीण लबाड नाही. वरदच्या पैशाला तिने कधी हात लावला नाही. पण वरदलाही लावू दिला नाही. गाडी घ्यायच्या वेळी त्याने ठेव मोडायला सांगितली, तर ती म्हणाली, कर्ज काढ, ठेव राहू दे. त्याने कर्ज काढलं. आभाला हे ठाऊक होतं.

"आई, ठेव माझ्या नावावरच राहील," ती म्हणाली.

"माझ्यावर विश्वास नाही, असं म्हण ना सरळ."

"विश्वास आहे. ठेव माझी आहे."

"दादा, तू सांग तिला!"

"तिचे कष्ट, तिची ठेव," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली. छायाने कॉल बंद केला.

पुढचं काम कंटाळवाणं होतं आणि आभाने ते एकटीने केलं. एप्रिलचा फॉर्म रद्द करायला बँकेला लिहिलं. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती साक्षांकित करून पाठवल्या. एक प्रत पुसट म्हणून परत आली, ती पुन्हा पाठवली. खातं अनिवासी झालं आणि कर कापला जाऊ लागला. तिच्या व्याजाइतक्या उत्पन्नावर मुळात कर बसत नव्हता, पण कापलेला परत हवा तर विवरणपत्र भरणं भाग होतं. पुढच्या जुलैत तिने ते भरायला घेतलं. ओटीपी भारतातल्या सिमवर यायचा आणि रिचार्ज संपून ते सिम बंद पडलेलं. वरद म्हणाला, "जाऊ दे ना, यल्ला, चल, फिरायला जाऊ." ती गेली नाही. सिम चालू करून घेतलं, रहिवासाच्या रकान्यात अनिवासी निवडलं आणि विवरणपत्र भरलं. सगळा शनिवार त्यात गेला. वरद शेजारी बसून बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "माझ्या ठेवी माझ्या नावावर आणायच्या, तर मलाही हे सगळं करावं लागेल?"

"दरवर्षी," ती म्हणाली.

तो उठून चहा करायला गेला.

दुसऱ्या दिवशी छायाचा फोन आला. या वर्षभरात ती वरदशीच बोलायची, आभाला विचारलंय म्हणून सांग, एवढंच त्याला म्हणायची. त्या दिवशी तिने आभालाच फोनवर बोलावलं. मी तिथेच होतो.

"कापले ना शेवटी?"

"कापले. परत मागितलेत."

"आणि नाही दिले तर?"

"तर माझे गेले, आई."

छाया म्हणाली, "वरदला दे जरा फोन. तोही आता आपल्या ठेवी मागणार का, ते विचारते."

आभाने फोन वरदपुढे धरला. त्याने तो लगेच घेतला नाही.