मधुकाकाच्या हनुवटीवरचा साबण

माझा मधुकाका कुत्र्याच्या मुक्याने गेला.

आज त्याची तिथी. ती लक्षात ठेवणारी घरात आता मी एकटीच उरले आहे, म्हणून इथे लिहिते.

परवा आमच्या नातीने इथे ग्रुपवर फोटो टाकला. नवं पिल्लू तिचे ओठ चाटतंय आणि ती डोळे मिटून हसतेय. तुम्ही सगळ्यांनी हार्ट्स दिलेत.

माझं बोट स्क्रीनवर तसंच थांबलं.

गोष्ट चाळीसच्या दशकातली. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातले. घर किन्हीराजाला. मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या होस्टेलमध्ये, सुट्टी लागली की घरी.

मधुकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. नुकतंच लग्न झालेलं.

रोज सकाळी ओट्यावर आरसा टेकवून तो शेव्हिंग करायचा. झालं की हनुवटी खाली करून म्हणायचा, "पूस रे."

आमचा कुत्रा भुऱ्या उरलेला साबण चाटून काढायचा. गाल, हनुवटी, ओठ. मग काका त्याच्या नाकाचा मुका घ्यायचा.

काकी आतून ओरडायची, "अवो, घरात टॉवेल नाही काय?"

"हाच माह्या टॉवेल वं. धुवाचं काम नाही!"

वस्तऱ्याने रोज कुठे ना कुठे कापलेलं असायचं. त्याकडे कोण बघतो?

त्या उन्हाळ्यात भुऱ्या बदलला.

आधी आवाज. भुंकायला तोंड उघडायचा आणि आतून भलतंच काहीतरी यायचं. लांब कुणीतरी रडत असल्यासारखं.

मग जबडा लोंबला. लाळ गळायची. भाकरी पुढे ठेवली तर नुसता बघत राहायचा.

"घशात हाड अडकलं असन," काका म्हणाला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

भुऱ्या कुणाला चावला नाही. कुणाच्या अंगावर गेला नाही. बैलगाडीखाली पडून राहिला आणि एका दुपारी तिथेच संपला.

पिसाळलेलं कुत्रं म्हणजे गावभर धावणारं, दिसेल त्याला चावणारं, एवढंच आम्हाला माहीत. हा तर आजारी होऊन गरिबासारखा गेला होता.

पुरण्याआधी काकाने त्याचा मुका घेतला. आम्ही सगळे रडलो.

फक्त काकीच्या मनात काहीतरी बसलं.

"अवो, अकोल्याच्या दवाखान्यात जाऊन या. सुया टोचून घ्या."

"चावला कुठं मले? डॉक्टरले काय सांगू, कुत्र्यानं मुका घेतला?"

"हो. तसंच सांगा."

"आन त्यानं इचारलं, घरी बायको नाही काय, तर?"

काकी हसली नाही. दोन दिवस जेवली नाही. तेव्हा काका निघाला. तो वाटेतून परत येऊ नये म्हणून काकीने मला जवळच्या मालेगावच्या मोटरस्टँडपर्यंत बरोबर धाडलं.

स्टँडसमोर गफूरभाईंचं कापडाचं दुकान होतं. काकाचे दोस्त.

"क्यूँ मधुभाऊ, किधर?"

"अकोल्याले. कुत्र्याच्या सुया घ्याले."

"अरे बाप रे! कहाँ काटा?"

"काटलं नाही भाई. चाटलं."

मग दुकानातली माणसं, मोटरीची वाट बघणारी माणसं, सगळी हसायला लागली.

"मंग उद्या गाईनं चाटलं त मुंबईले जाशीन काय बे?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

सगळ्यात मोठ्याने काका हसला. मोटर आली, भरली, धूळ उडवत गेली. आम्ही भजी खाऊन घरी परतलो.

घरी काकाने तो सगळा प्रसंग काकीला नक्कल करून दाखवला. गफूरभाईंचा आवाज काढून.

आणि या वेळी काकीही हसली. पदर तोंडाला लावून, खूप दिवसांनी.

म्हातारपणापर्यंत ती मला म्हणायची, "मी हसली नसती त अकोल्याले गेले असते वं ते."

सुट्टी संपत आली तेव्हा काका हनुवटी खाजवायला लागला. कापलेली जागा कधीच भरून आली होती, वर काही दिसत नव्हतं. पण म्हणायचा, आत मुंग्या चालून राह्यल्या.

एका सकाळी काकीने त्याला पाण्याचा गडवा दिला.

त्याने तो ओठांपर्यंत नेला. गळा आवळल्यासारखा झाला. गडवा हातातून उडाला.

सगळ्यांना कळलं होतं. काकालाही.

दारातून झुळूक आली तरी त्याचं अंग ताठ व्हायचं. मधल्या वेळात मात्र अगदी शुद्धीत, नेहमीसारखा बोलायचा. तेच बघवत नव्हतं.

मुलांनो, मी कुत्र्यांच्या विरुद्ध नाही. पण पिल्लाला वेळच्या वेळी रेबीजची लस द्या. तोंडाला तोंड लावू देऊ नका. ओठांवर, डोळ्यांवर, कापल्या-खरचटल्या जागी चाटलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. दात लागलेच पाहिजेत असं नाही. आणि हे सांगायची लाज वाटू देऊ नका.

काकाला ती लाजच नडली.

शेवटच्या दिवशी त्याने स्वतःच तोंडाला पंचा बांधला. काकीला म्हणाला, "जवळ येऊ नको. पोरीलेही येऊ देऊ नको. माही लाळ लागन."

मी दारातून बघत होते. अंगणात माणसं जमली होती. मालेगावहून गफूरभाई आले होते. मान खाली घालून उभे.

काकाने त्यांना नावाने हाक मारली. पंच्यातून शब्द अडखळत येत होते.

"भाई, आता कोनी आलं ना, कुत्र्यानं चाटलं म्हनून… त हसू नका. धरून मोटरीत बसवून द्या."

"हाँ भाई," गफूरभाई म्हणाले.

दुपारी काका गेला.

मधुकाका, तुझा निरोप आज मी माझ्या माणसांना दिला.
शांत राहा.

तुझ्या पुतणीचा नमस्कार.