पिवळे पाय

आमचे हे तीस वर्षं शहराच्या सांडपाण्याच्या केंद्रावर आहेत. लग्न ठरताना ‘पाणी खात्यात’ असं सांगण्यात आलं होतं. खोटं नव्हतं ते. कुठलं पाणी, हे आमच्याकडच्यांनी विचारलं नाही एवढंच. तिथे घाण तळाशी बसावी म्हणून पाण्यात एक तांबूस औषध घालतात. ते अंगाला लागलं की पिवळा डाग पडतो आणि तो सुटता सुटत नाही. बुटांत पाणी शिरतंच, त्यामुळे यांचे पाय घोट्यापर्यंत कायमचे पिवळे. रोज कामावरून आले की बादलीत पाय सोडून बसतात आणि मी ब्रशनं घासते. रंग गेला नाही, ब्रश मात्र खंडीभर गेले.

दोन महिन्यांपूर्वी तिथला मोठा पंप जळाला. तेव्हापासून दर तीन तासांनी लोखंडी चाक हातानं फिरवून पाणी सोडावं लागतं, आणि ते चाक फक्त यांनाच वळतं म्हणे. साठीला आलेला माणूस, खांदे पार उतरले. सुट्टीचं नाव नाही. त्यातच मुलीला मुलगी झाली. मी तिकडे जाऊन बाळंतपण करून आले, यांनी नातीचं तोंड पाहिलं ते फोटोत. बुधवारी मिस्त्री पंप बसवणार आणि गुरुवारी सकाळच्या बसनं आम्ही निघणार, असं ठरलं होतं. बॅग दाराआड भरून ठेवली होती.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसा हा पक्षी आला. पंप बंद म्हणून केंद्रावरच्या तिसऱ्या तळ्यातलं पाणी उतरलं होतं, काठाला चिखलाची पट्टी उघडी पडली होती. तिच्यावर मूठभर आकाराचं एक करडं पाखरू शेपूट हलवत टोचे मारायचं. समोरच्या इमारतीतल्या कोणीतरी त्याचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी फाटकाशी वीस माणसं दुर्बिणी घेऊन उभी.

“वहिनी, असे पक्षी इथे पुष्कळ येतात, पण त्यांचे पाय हिरवट असतात,” त्यांच्यातल्या एका दाढीवाल्यानं मला समजावलं. “याचे पिवळे आहेत. सगळा खेळ पायांचा. हा वाट चुकून हजारो मैलांवरून आलाय.”

मी डबा द्यायला गेले होते. मला चिखलावरच्या एका करड्या ठिपक्यापलीकडे काही दिसत नव्हतं, मी मान डोलावली. पण यांच्याकडे पाहिलं आणि चाट पडले. एरवी मान खाली घालून असणारा माणूस, लोक त्याला ‘सर’ म्हणत होते. बसायला घडीची खुर्ची दिली होती. पक्षी सकाळी कुठे होता, कुठून कुठे गेला, हे विचारत होते आणि हे सांगत होते. तिथे नाकाला रुमाल न लावता थांबलेली माणसं मी प्रथमच पाहिली.

बुधवारी मिस्त्री आला. पंप सुरू झाला की तळं भरणार, चिखल बुडणार, पक्षी उडणार. दाढीवाल्यानं हात जोडले. “सर, एकच दिवस. आम्हाला पक्षी बघायला ज्यांनी शिकवलं, त्या आमच्या बाई उद्या येतायत. सत्तरी उलटलीय, तीस वर्षं याच पक्ष्याच्या मागे आहेत.”

ह्यांनी मिस्त्रीला म्हटलं, “उद्या ये.”

“उद्या मी दुसरीकडे आहे. आता पुढच्या बुधवारीच,” मिस्त्री म्हणाला आणि हत्यारं आवरून चालता झाला.

घरी येऊन यांनी ते सांगितलं तेव्हा माझा पारा चढला. “नातीपेक्षा पाखरू मोठं झालं का?” यांनी बादली ओढून घेतली आणि पाय सोडले.

गुरुवारी ज्या वेळी बसमध्ये असायचं, त्या वेळी मी डबा घेऊन फाटकाशी होते. बाई आल्या होत्या. काठी टेकत, धापा टाकत, पण दुर्बिणीला डोळा लावला आणि हलल्याच नाहीत. मग मला म्हणाल्या, “तुम्ही पाहिलात की नाही? या, बघा.”

मी डोळा लावला. पाखरू अगदी जवळ आलं. त्याचे पाय पाहिले आणि मला कुठल्या पुस्तकाची गरज उरली नाही. तो पिवळा रंग मी तीस वर्षं घासते आहे. वर कमी, खाली जास्त, नखांशी तांबूस. मी यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. म्हणजे यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

बाईंच्याही मनात काही आलं असावं. त्यांनी विचारलं, “दादा, तुम्ही रोज बघता. आला तेव्हाही पाय असेच पिवळे होते का हो?”

आख्ख्या संसारात हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही. माझा स्वयंपाक बिघडला तर तेही तोंडावर सांगतो.

“हो,” हे म्हणाले. “पहिल्या दिवसापासून.”

बाईंनी वही काढली. लिहिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

घरी मी बादली आदळलीच. “किती दिवसांत रंगला तो?”

“आठवड्यात. दर वर्षी एखाददुसरा रंगतो.”

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत!”

“पहिल्या दिवशी सांगणार होतो. त्यांनी खुर्ची दिली.” मग म्हणाले, “त्या बाई माझ्या तळ्याकडे बघून आनंदानं रडल्या गं.”

राग होता, तो तसाच होता. पण हे एका खुर्चीवर भुलले, कारण या माणसाला आजवर कोणी काही दिलंच नव्हतं. मीसुद्धा पायच घासत राहिले.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. “आई, कुठवर आलात?”

“पंप अजून आला नाही गं,” मी म्हणाले. “पुढच्या आठवड्यात.”

ह्यांनी वर पाहिलं.

“बरं, बाबांना सांग,” ती म्हणाली, “आज सकाळी बाळ पहिल्यांदा हसलं.”

मी सांगितलं. यांनी घड्याळ पाहिलं, बादलीतून पाय काढले आणि न पुसताच बूट चढवले. चाक फिरवायची वेळ झाली होती.