जबडेवाल्यांचा नवा चेहरा

आम्ही त्यांना जबडेवाले म्हणायचो. मालिकेत त्या परग्रही जमातीचं नाव वेगळं होतं, जिभेला न वळणारं, आणि हिंदी डबिंगमध्ये ते दर दोन-चार भागांनी बदलायचं. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या गल्लीत मात्र नाव एकच. खालचा जबडा पुढे आलेला, मधोमध चिरलेला, बोलले की खटखट वाजायचा. रबराचा मुखवटा होता तो. गळ्याजवळ शिवण स्पष्ट दिसायची. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. त्याच्या घरी टीव्ही होता, आमच्या घरी नव्हता. ही मालिका परदेशात आमच्या जन्माआधीपासून चालू आहे. मध्येच बंद पडते, नव्या नटांना घेऊन पुन्हा सुरू होते. रविवारी सकाळी मी त्याच्या दाराशी उभा राहायचो आणि त्याची आई आतूनच ओरडायची, "आला रे तुझा जबडेवाला."

माझी शाळा आठवीनंतर सुटली. आई आजारी पडली, घरात तिसरं कोणी नव्हतं. ती बरी झाली तोवर माझ्या जागेवर दुसरा मुलगा बसला होता आणि मला परत जायची लाज वाटली. मित्र शिकत राहिला. चित्रकला चांगली होती त्याची. पुढे पांढुर्ण्याला त्यानं फ्लेक्स छापायचं दुकान टाकलं. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे, निवडणुकीचे बोर्ड. दिवसभर लोकांचे चेहरे गोरे करायचे, गालावरचे डाग पुसायचे. म्हणायचा, "इथं कोणालेच आपलं थोबाड आवडत नाही गड्या."

मी तामिळनाडूत एका सूतगिरणीत लागलो. तुटलेला धागा जोडायचा, यंत्रावरच्या पुढच्या चातीकडे जायचं, तिथलाही तुटलेलाच असतो. भाषा कळत नव्हती. पहिल्या वर्षी मी दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलत असेन. मग मित्रानं मला एका ग्रुपमध्ये घातलं. त्या मालिकेवर मराठीत वाद घालणाऱ्यांचा ग्रुप. पुण्याचे, कोल्हापूरचे, अमरावतीचे लोक. मला धडकीच भरली. शाळा माझी हिंदीत झालेली, मराठी फक्त घरची. "मी काय लिहू तिथं?" म्हटलं. तर तो म्हणाला, "आधी मले पाठव. मी दुरुस्त करून देतो. मग टाक."

सहा वर्षं असंच चाललं. माझं प्रत्येक वाक्य आधी पांढुर्ण्याला जायचं. तो ऱ्हस्व-दीर्घ बघायचा, 'करून राहिलो' तसंच ठेवायचा, म्हणायचा, "हे आपलं आहे, राहू दे." मला आज जे काही लिहिता येतं ते त्यानं शिकवलेलं आहे. हे लिहिताना दहा वेळा हात थांबला, कारण आधी कुणाला पाठवायचं तेच कळत नाही.

गेल्या वर्षी मालिका पुन्हा नव्यानं सुरू झाली आणि जबडेवाल्यांचा जबडाच काढून टाकला. गुळगुळीत हनुवटी, बारीक तोंड, चकचकीत कातडी. ग्रुपवर रणकंदन. जुने आणि नवे अशा दोन पार्ट्या पडल्या.

पुण्याचे एक निवृत्त काका जुन्यांचे पुढारी. "अर्धं आयुष्य त्यांना ओळखतोय मी. हे कोण उपटसुंभ?"

कोल्हापूरची एक मुलगी दातांची डॉक्टर होत होती. ती म्हणाली, "काका, तसल्या जबड्यानं भाकरी चावून दाखवा. तिथं सांधाच नाही. इतकी वर्षं ते बिचारे उपाशी होते."

"त्यायच्या ग्रहावर भाकर नसते ताई," अमरावतीवाला. "तिकडं सगळे ताक पितेत."

"एखाद्या साथीच्या रोगानं चेहरे बदलले असतील."

"मग तसं सांगा ना एका तरी भागात! गुपचूप बदलायचं आणि जसं काही झालंच नाही असं वागायचं?"

"अहो, रबराखाली त्या नटांना श्वास घेता येत नव्हता. त्यांचाही विचार करा की."

मी कडवा जुना. मित्रही जुनाच असणार हे मी धरून चाललो होतो, पण तो गप्प होता. पाच महिने ग्रुपवर नाही, मला स्वतंत्र उत्तर नाही. कधी तरी नुसता अंगठा. मी लिहिलेलं तपासायला पाठवत होतो, ते तसंच पडून राहत होतं. वाटलं, दिवाळीचं काम असेल, मग निवडणुकीचं.

शेवटी एका रविवारी मी त्याची वाट न पाहता लिहिलं. पहिल्यांदाच. "जबडाच गेला तर मग राहिलं काय? बिनजबड्याचा जबडेवाला म्हणजे फोडी काढलेलं संत्रं. सालीला कोण विचारतो?" खूप हसरे चेहरे आले. काका म्हणाले, "क्या बात!" मी चढलो. लगेच दुसरं लिहिलं, "आमचा पांढुर्ण्याचा गडी कुठं आहे? बोल ना बे. तोंडात खर्रा भरून राहिला का?"

आमच्याकडे कुणी गप्प बसला की हेच म्हणतात. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला खर्रा तोंडात असला की माणूस नुसता हुंकार देतो. हुंकाराचे अर्थ लावायचे. आमचा पहिला खर्रा आम्ही बस स्टँडामागे अर्धा-अर्धा वाटून खाल्ला होता. माझा इथं गिरणीत येऊन सुटला. कापसाला आग लागते म्हणून फाटकावर खिसे तपासतात, विडी-काडी काढून घेतात, आणि भिंतीवर पिंक दिसली की घरी पाठवतात. माझं काही कर्तृत्व नाही त्यात. नोकरी जायची भीती, एवढंच.

पाच मिनिटांनी ग्रुपवर ती राखाडी ओळ आली. मित्र ग्रुप सोडून गेला होता.

मी घाबरलो. फोन लावला, उचलला नाही. मग मी काय केलं, तर माझे दोन्ही मेसेज पुन्हा पुन्हा वाचून त्यात शुद्धलेखनाची चूक शोधत बसलो.

दोन आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. ही त्याची बायको, रामाकोन्याची. "भाऊजी, तुमाले राग तं नाही आला?"

"कशाचा?"

"हे बोलत नाही म्हणून."

"तोच बोलत नाही माझ्याशी, वहिनी. मी काय केलं?"

"बोलताच येत नाही त्यायले. नागपूरले ऑपरेशन झालं, दिवाळीच्या आधी. खालचा जबडा काढला उजवीकडचा, गाठ होती."

"मले काहून नाही सांगितलं?"

"नको म्हणाले." मग तिनंच दुरुस्त केलं, "लिहून दिलं, नको म्हणून. त्या दिवशी फोनवर काय आलं मले माहीत नाही, भाऊजी. दिवसभर फोन पालथा घालून ठेवला त्यायनं."

काय आलं होतं ते मी तिला सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

सुट्टी मिळायला महिना लागला. माझा सुपरवायझर भला माणूस, त्यानं आपली सुट्टी मला दिली. गाडीत दोन दिवस मी माफी पाठ करत होतो. आणि एक युक्तीही सुचली होती. मी पार्टी बदलणार होतो.

पांढुर्ण्याच्या दुकानात तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. नाकाच्या खाली दुपट्टा गच्च गुंडाळलेला. डोळे तेच. मला पाहून उठला, खांद्यावर जोरात थाप मारली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "काय भाऊ, सर्दी गेली नाही अजून? थंडीच पडून राहिली तशी," म्हणत त्यानं वाढदिवसाच्या बोर्डाचे फोटो दिले. बाहेर चाळीस अंशांचं ऊन होतं, ते त्यालाही दिसत होतं. मित्रानं मान हलवली आणि फोटो घेतले.

गिऱ्हाईक गेल्यावर माझी पाठ केलेली माफी कुठं गेली कुणास ठाऊक. मी एकदम म्हणालो, "नवे भाग पाहिले मी गाडीत. खरं सांगू का, नवा चेहरा काही वाईट नाही. एकदा सवय झाली की..."

त्यानं मोबाईलवर टाईप केलं आणि माझ्यापुढे धरलं. "पार्टी कधी बदलली?"

"बदलली नाही बे. मी विचार केला जरा."

या वेळी तो बराच वेळ लिहीत होता. मी भिंतीवरचे नमुन्याचे बोर्ड बघत उभा. मग फोन माझ्या हातातच दिला.

"माझा जबडा गेला म्हणून तू बाजू बदलू नको. नवा चेहरा भंगार आहे. मी जुन्याच बाजूचा आहे, म्हणून तर ग्रुप सोडला. तुझ्यासारखंच मीही लिहिलं असतं. मेसेजमध्ये एकही चूक नव्हती. दोनदा वाचला."

मी फोन परत दिला. तो डोळ्यांनी हसला बहुतेक. दुपट्ट्यामुळे नक्की कळलं नाही.

दुपारी वहिनी डबा घेऊन आली. डब्यात डाळीचं गाळलेलं पाणी, नाचणीची पातळ पेज आणि एक मोठी सिरिंज. तो उठला आणि मागच्या छापखान्यात गेला. मध्ये जुन्या फ्लेक्सचा पडदा होता, तो ओढून घेतला. मी म्हणालो, "मी काय परका आहे का बे? बस ना इथं." वहिनी हळूच म्हणाली, "पोरीसमोरही नाही जेवत, भाऊजी. राहू द्या." तिनं माझ्यापुढे चहा ठेवला. पाच शनिवार जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आली म्हणाली, अजून काही शनिवार राहिले होते.

मी रोज सौंसरहून बसनं जायचो. रोज दुपारी तो पडदा ओढला जायचा. एकदा मी सरळ विचारलं, "एकदा पाहू दे." त्यानं मान हलवली. लिहिलं, "तुझ्याजवळ एक तरी जुना राहू दे." सहाव्या दिवशी मी परत निघालो. गाडीत मी त्याचा चेहरा आठवून बघायचा प्रयत्न केला तर नुसता दुपट्टाच यायचा. मला भीती बसली की हा आता असाच राहील, माझ्यासाठी सुद्धा पडद्याआड.

पावसाळ्यात त्याच्या मानेत दुसरी गाठ निघाली. पोळ्याच्या आधी तो गेला. मला सुट्टी शिल्लक नव्हती. त्याचा श्रद्धांजलीचा बोर्ड दुकानातल्या पोरांनी केला, वहिनीनं फोटो पाठवला. लग्नातला चेहरा लावलाय, गाल गोरे करून.

पण तो जाण्याच्या तीन आठवडे आधी एक झालं. जेवणाची सुट्टी होती. मी मेसमध्ये सांबार-भाताची थाळी घेऊन बसलो होतो, हाताला कापसाचे पुंजके चिकटलेले. फोन वाजला. त्याचा, व्हिडिओ कॉल. उचलला तर समोर तो, दुपट्ट्याशिवाय.

उजवी बाजू आत गेलेली. हनुवटी तिकडे ओढलेली, ओठाचं टोक खाली लटकलेलं. गालावर छातीची कातडी बसवली होती, रंग वेगळा, आणि तिच्यावर छातीचे केस उगवले होते. नाकातून नळी. मी बघत राहिलो. त्यानं बघू दिलं.

मग त्यानं एक कागद वर धरला. त्याचंच सुंदर अक्षर. "जुना की नवा?"

माझ्या तोंडाशी 'नवा' आलं होतं. अजूनही कधी कधी वाटतं तेच म्हणायला पाहिजे होतं, आजारी माणसाला कोण असं म्हणतं. पण पार्टी बदललेली त्याला चालणार नव्हती.

"जुना," मी म्हणालो. "जुनाच बे."

त्यानं कागद खाली ठेवला. डोळे पुसले नाहीत, वळलाही नाही. थोड्या वेळानं मान हलवली, बरोबर असेल तेव्हा हलवायचा तशी. मागून वहिनी आली, तिच्या हातात सिरिंज होती. तिनं फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो उठला नाही. तिनं नळीत पेज सोडायला सुरुवात केली, सावकाश, आणि त्यानं माझ्या थाळीकडे बोट दाखवलं.

मी भाताचा घास घेतला.