रुळांमधली गिट्टी

त्या दिवशी गाडीवर पहिला दगड मी मारला आणि पंचवीस वर्षं घरीदारी ‘गर्दीने मारले’ असंच सांगत आलो.

काल झाशी स्टेशनात गाडी थांबताना तापलेल्या ब्रेकचा वास आला आणि मी मनाने पुन्हा कॉलेजच्या दिवसांतल्या रेल रोकोत, त्या रुळांवर जाऊन बसलो. मऊरानीपूरहून येणाऱ्या मुलांना कॉलेजला रोज उशीर व्हायचा, म्हणून पॅसेंजर लवकर सोडा, एवढीच आमची मागणी होती. गाडी अडवली होती, तरी सगळं हसतखेळत चाललं होतं. इंजिनातून सहायक ड्रायव्हर, ओरछा गेट मोहल्ल्यात राहणारे बाबूलालजी, ओरडले, "भैया, हमाई रोटी ठंडी हो रई, कब उठहो?" सगळे हसले, मीही हसलो. मग इंजिनाची शिट्टी वाजली आणि माझ्या हातून रुळांमधली गिट्टी, खडीचा एक दगड, सुटली. मी घाबरलो होतो, चिडलो होतो, की पोरांसमोर नुसती मर्दुमकी दाखवायची होती? अजून कळत नाही. काच फुटली. मग शंभर हात उठले. बाबूलालजींचा डावा डोळा गेला, माझ्या दगडाने की नंतरच्या, देव जाणे.

स्टेशनातून मी थेट त्यांच्या घरी गेलो. त्या दिवसाचा विषय काढताच म्हातारे झालेले बाबूलालजी म्हणाले, "अब को जाने किसने मारो. भीड़ हती."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. तरीही मी खाली बसून त्यांचे पाय धरले.

"भीड़ बाद में उठी, चाचाजी. शुरू मैंने किया था. माफ कर दीजिए."