घासलेटाला धीर नसतो

डाव्या तळहातावर पेट्रोलचा थेंब घ्यायचा, त्यावर एक फुंकर मारायची आणि हात नाकाशी न्यायचा. गाडी कुणाचीही असो, आमचे मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी हे करत. फुंकरीसरशी तळहात गार आणि कोरडा पडला तर ठीक. ओशटपणा राहिला की भुवया वर जायच्या आणि प्रश्न यायचा, "आधी बोल, खिलवलं काय?"

एका गोऱ्या इंजिनिअरलाही त्यांनी हेच विचारलं होतं. साहेब तडकला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, हकीमसुद्धा आधी हेच विचारतो."

पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. नाशिकहून त्र्यंबकला जाणाऱ्या तीन मोटारी एका शेठच्या होत्या. त्यातली एक मी चालवायचो. तिन्हींची दुरुस्ती मिस्त्रींकडे. आता पंपावर ऑक्टेन की काय ते आकडे सांगतात. मिस्त्रींना आकडा ठाऊक नव्हता, पण आकड्यामागचं सगळं कानांना ठाऊक होतं. माझी गाडी अजून स्टँडच्या वळणावर असायची आणि हे दुरूनच ओरडायचे, "ठोकतेय रे! भिंतीत खिळा मारल्यासारखी ठोकतेय!"

पेट्रोलमध्ये स्वस्तातलं घासलेट मिसळलं की गाडी का ठोकते, हे त्यांनी मला एकदाच समजावलं. "पेट्रोल शहाणं असतं. आत दाबलं तरी ठिणगीची वाट बघतं. घासलेटाला धीर नसतो. दाबलं की आपलं आपण भडकतं. पिस्टन बिचारा वर येतोय, आणि हे त्याच्या टाळक्यात हाणतं. किती दिवस सोसेल तो?"

एक थंडी मला चांगली आठवते. मुंबईचा एक कोटवाला एजंट चकचकीत डबी घेऊन आला. म्हणे पेट्रोलमध्ये दोन गोळ्या टाका, गाडी ठोकायची थांबेल. मिस्त्रींनी गोळी हुंगली आणि खो खो हसले. "शेठ, ही डांबराची गोळी! शालूत ठेवा, कसर लागणार नाही." पण हसून झाल्यावर हेही सांगितलं, की ठोकणं थोडं कमी होईल, खोटं कशाला बोलू, मात्र थंडीत ही गोळी पुन्हा गोठेल आणि कार्बुरेटरच्या बारीक भोकात जाऊन बसेल. आमच्या शेठना कुठला धीर! दोन सांगितल्या तर त्यांनी मूठभर टाकल्या, तिन्ही गाड्यांत. चार दिवस मजेत गेले. मग नाशिकची ती हाडं फोडणारी थंडी पडली आणि एका सकाळी तिन्ही गाड्या मुक्या. आत बसलेली एक म्हातारी वास घेत विचारते, "अरे, कुणाची ट्रंक उघडी राहिलीय का?"

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. उन्हाळ्यात अंजनेरीच्या चढावर माझ्या गाडीचा पिस्टन फुटला. भरली गाडी रस्त्यात उभी. दुसऱ्या दिवशी स्टँडवर चारचौघांत शेठ माझ्यावर बरसले. "गाडी बैलासारखी हाणलीस. उद्यापासून येऊ नकोस. आणि नाशकात तुला कोण गाडी देतो तेही बघतो."

घरी बायको, दोन पोरं. हातात दुसरा धंदा नाही.

मिस्त्री हात पुसत उठले. त्यांनी शेठच्या खोलीतला, गाड्यांत भरायच्या पेट्रोलचा एक उघडा डबा आणला, आणि शेजारच्या दुकानातून एक सीलबंद डबा. कुणाचं तरी जुनं वर्तमानपत्र उन्हात पसरलं. एका कोपऱ्यावर या डब्यातलं ओतलं, दुसऱ्यावर त्या डब्यातलं. "कुणी बिडी पेटवू नका रे," एवढंच म्हणाले आणि उकिडवे बसले. सगळे बघत उभे. सीलबंद डब्यातलं पाहता पाहता उडून गेलं, कागद कोरडा. शेठच्या डब्याचा मात्र भला मोठा तेलकट डाग तसाच.

"ड्रायव्हरनं नाही मारला पिस्टन," मिस्त्री म्हणाले. "घासलेटानं मारला."

शेठ लालबुंद. "मिस्त्री, माझं मीठ खाता तुम्ही!"

"मीठ खातो शेठ, घासलेट नाही खात."

काय बिशाद होती त्यांची असं बोलायची! पण बोलले. लोक हसले, आणि त्या हसण्यानं शेठना मला काढता येईना. त्यांनी मिस्त्रींना काढलं. मिस्त्रींनी आपले पाने-हातोडे फडक्यात गुंडाळले आणि चालू लागले. मी तिथंच उभा होतो. "ते जाणार असतील तर मीही जातो," एवढं म्हणायचं होतं. नाही म्हणालो. आजही त्याची लाज वाटते, लपवून काय करू?

पंधरा दिवसांनी गाडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्र्यंबक रस्त्यावर एका चिंचेखाली त्यांनी स्वतःचं दुकान मांडलं होतं. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी आणि एक पोतं. मी म्हणालो, "मिस्त्री, चुकलं माझं. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

त्यांनी ऐकल्यासारखंच केलं नाही. "गाडी चालू कर," म्हणाले. डोळे मिटून कान दिला. इंजिन गोड चालत होतं. मग हसून माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ भाई, शेठनं घासलेट सोडलं. नोकरी गेली तर गेली, आपलंच चाललं की नाही?"

पुढच्या थंडीत ते छातीच्या दुखण्यानं गेले. चिंचेखालची पेटी कुणीतरी उचलून नेली. महिनाभरातच, त्याच अंजनेरीच्या चढावर, माझी गाडी ठोकायला लागली. खिळा मारल्यासारखी. शेठना वाटलं असणार, हुंगणारा गेला, आता कोण विचारतो!

मी गाडी थांबवली. उतरलो. टाकीतला थेंब तळहातावर घेतला, फुंकर मारली. ओशट. प्रवाशांना हात जोडले, गाडी वळवली आणि हळूहळू स्टँडवर परत आणली.

"का रे, परत का आलास?" शेठ ओरडले. "भरली गाडी आहे!"

घरी बायको तीच होती, पोरंही तीच. चारचौघे पुन्हा जमले होते. मी शेठसमोर गेलो आणि डावा तळहात त्यांच्या नाकाखाली धरला.

"शेठ, आधी बोला. खिलवलं काय?"