दोन ओहम देणं, अडीच ओहम खाणं

नोएडातल्या त्या कंपनीत मी एकोणीस वर्षं रेडिओची सर्किट्स डिझाइन केली. शेवटच्या वर्षी माझ्यावर एक मॅनेजर आला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. टेबलावरची वही-पेन्सिल बघून पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, अब ये सब कौन करता है? सॉफ्टवेअर है ना!"

त्याने स्वतः एक ऑसिलेटर, म्हणजे रेडिओचा सिग्नल तयार करणारं सर्किट, डिझाइन केला. व्होल्टेज बदललं की फ्रिक्वेन्सी बदलणारा. कॉम्प्युटरवर झकास चालला. बोर्ड बनून आले, तर दहापैकी एकही सुरू होईना. चार दिवस तो सोल्डरिंग करणाऱ्या बाईवर ओरडत राहिला, "तुम्हारे जॉइंट कच्चे हैं!" पाचव्या दिवशी ती मला बाथरूममध्ये रडताना दिसली. माझं डोकंच फिरलं.

मी वही काढली. अर्ध्या पानात काम झालं. ट्रान्झिस्टरमधून एक मिलिअँपिअर करंट. तेवढ्यावर तो सर्किटला दोन ओहम परत देणार. कॉइल दीड ओहम खाते, फ्रिक्वेन्सी बदलणारा डायोड आणखी एक. देणं खाण्याहून जास्त असेल तरच ऑसिलेटर चालतो, मग हा सुरू होणार कसा? या बाबाने सॉफ्टवेअरमध्ये आदर्श डायोड घातला होता, काहीच न खाणारा! मी एक रेझिस्टर बदलून करंट तिप्पट केला, म्हणजे देणंही तिप्पट. बोर्ड लगेच सुरू झाला.

सोमवारच्या मीटिंगमध्ये तो मोठ्या साहेबांना म्हणाला, "सर, सिम्युलेशन में ऑप्टिमाइज़ किया."

मी उभी राहिले. "करंट तीन ही क्यों रखा? बताइए."

तो लॅपटॉप चाळायला लागला. मी मार्कर घेतला आणि ते अर्धं पान व्हाइटबोर्डवर लिहून काढलं. रागाच्या भरात आकडे वाकडेतिकडे आले. "और उस बेचारी से माफ़ी माँगिए," मी म्हणाले.

साहेब मोबाइलकडे बघत म्हणाले, "मॅडम, पर्सनल मत लीजिए।"

माफी कुणी मागितली नाही. डिझाइनच्या फाइलवर नाव त्याचंच गेलं.

घरी, गाझियाबादला, नवरा म्हणाला, "अगं, चालले ना बोर्ड? सोड आता."

"चालले कुणामुळे?" मी त्याच्यावरही ओरडले.

तीन महिन्यांनी मी नोकरी सोडली. कुणी विचारलं तर सांगते, गुडघे दुखतात, रोजची मेट्रो झेपत नव्हती. गुडघे ठणठणीत आहेत माझे.